पायांवर लव असलेली पिल्लं

एडिनाच्या होणाऱ्या सासूबाई, मुतोन्यीबाई, दुपारी जेवायला यायच्या होत्या. अंगण झाडून झालं होतं, चर्चमधून मागून आणलेल्या खुर्च्या अवोकाडोच्या झाडाखाली मांडल्या होत्या, पाहुण्यांसाठी कापलेला कोंबडा चुलीवर रटरटत होता. तरी एडिनाच्या आईचं, नबविलेचं, चित्त ठिकाणावर नव्हतं. ते डाल्याखाली झाकलेल्या पिल्लांत होतं.

मागच्या भेटीत मुतोन्यीबाईंनी सहज विचारलं होतं, तुमच्या त्या पट्टेरी कोंबड्यांच्या काही तलंगा, तरण्या माद्या, मिळतील का. आमच्या गावच्या बायकांनी तसली कोंबडी नुसती लांबून पाहिलीय. नबविलेनं तिथल्या तिथं शब्द दिला. राखाडी-पांढऱ्या पट्ट्यांच्या त्या कोंबड्या तिनं किटालेहून बसमधून, मांडीवर टोपली धरून आणल्या होत्या. सोबत तसलाच एक कोंबडा. डोंगराच्या या अंगाला दुसऱ्या कुणाच्या दारात तसल्या कोंबड्या नव्हत्या. लेकीच्या आधी आपल्या घरच्या कोंबड्या तिच्या सासरी पोचतील, लेक गेल्यावर तिला तिथं काहीतरी ओळखीचं दिसेल, असं तिनं मनात धरलं होतं. मग तिनं अंडी साठवली, दोन गावठी खुडूक कोंबड्यांखाली ठेवली, आणि परवा ती फुटली.

आता त्यातल्या माद्या तेवढ्या निवडायच्या होत्या. त्यासाठी घरात खकासासारखं माणूस दुसरं नव्हतं.

खकासा ही नबविलेच्या नवऱ्याची, मसिंदेची, थोरली बहीण. एडिना तिला सेंगे म्हणायची, म्हणजे आत्या, आणि हळूहळू नबविलेसुद्धा तिला सेंगेच म्हणू लागली होती. नाकुरूजवळच्या एका अंडी उबवणाऱ्या हॅचरीत खकासाचं उभं आयुष्य पिल्लं निवडण्यात गेलं. नर इकडे, माद्या तिकडे. झोपेतसुद्धा माझे हात तसेच हलतात, असं ती सांगायची, आणि तिचा नवरा जिवंत होता तोवर त्यानं हे कधी खोटं म्हटलं नव्हतं. आता ती म्हातारपणी माहेरी यायची तेव्हा एक रात्र थोरल्या भावाकडे, एक रात्र धाकट्याकडे अशी राहायची. दोन्ही घरांना ती आपल्याच बाजूची वाटत असे.

"चष्मा दे," ती म्हणाली. "आणि बोलू नकोस. बोललीस की मी एखादा पोरगा पोरींत टाकीन."

एडिनानं चष्मा आणून दिला आणि दोन टोपल्या आत्यासमोर ठेवल्या. खकासानं पहिलं पिल्लू डाव्या मुठीत घेतलं. अंग काळं, पोट पिवळट पांढरं, डोक्यावर चुन्याचं बोट टेकवावं तसा पांढरा ठिपका. ते उजव्या टोपलीत गेलं. दुसऱ्याचं डोकं काळंभोर होतं, ते डावीकडे. तिसरं ठिपक्याचं, चौथं काळं. तिचे हात सुरुवातीला भराभर चालले, मग हळू झाले. एक पिल्लू तिनं उन्हात धरलं, उताणं केलं, त्याच्या पायांवर फुंकर मारली. मग टोपलीत आधीच टाकलेली पिल्लं एकेक करून पुन्हा उचलली आणि त्यांच्याही पायांवर फुंकर मारून पाहिली.

"नबविले, तुझा तो किटालेचा कोंबडा कुठाय?"

कोंबडा धान्याच्या कणगीखाली सावलीत बसला होता. एक पाय सुजलेला, डोळे अर्धे मिटलेले.

"हा उठतो कधी?"

"खायला उठतो की."

"फक्त खायला?"

नबविले हसली, पण खकासा हसली नाही. तिनं एक पिल्लू भावजयीच्या तळहातावर ठेवलं. मग धंद्यातलं माणूस बोलतं तशी, आजूबाजूला कोण आहे याचा विचार न करता, ती बोलू लागली. आई पट्टेरी आणि बापही पट्टेरी असला तर झाडून सगळ्या पिल्लांच्या डोक्यावर ठिपका यायला हवा, नरांना मोठा पसरट, माद्यांना बारका. इथं बऱ्याच पिल्लांना ठिपक्याचं नावच नाही. असं होतं कधी, तर आई पट्टेरी आणि बाप बिनपट्ट्यांचा असला म्हणजे. मग आईचे पट्टे फक्त मुलांकडे जातात. मुली बापावर जातात, काळ्या राहतात.

"म्हणजे माद्या ओळखायला सोप्या झाल्या," ती म्हणाली. "डावी टोपली सगळी मुलींची. पण त्यातल्या एकीच्याही अंगावर कधी पट्टा येणार नाही."

नबविलेनं हातातल्या पिल्लाकडे पाहिलं. "एकीच्याही?"

"एकीच्याही नाही. आणि हे बघ, पायाच्या नळीवर लव आहे. तुझ्या कोंबड्यांचे पाय कसे आहेत? गुळगुळीत. तुझ्या त्या आळशाचेही गुळगुळीत. आता तुरा बघ. उभा यायला हवा, हा कपाळावर चपटा बसलाय, तीन बारक्या रांगा आहेत. पायांवर पिसं, तुरा चपटा, अंगावर पट्टे नाहीत. असा कोंबडा मी काल संध्याकाळीच बघितला. लाल आहे, भला मोठा."

एवढं बोलल्यावर खकासाच्या ध्यानात आलं की आपण हॅचरीत नाही. तिथं बाप कोण याचं कुणाला सोयरसुतक नसायचं. काल संध्याकाळी ती कुंडूच्या, म्हणजे धाकट्या भावाच्या, अंगणात बसली होती, आणि लाल कोंबडा तिथंच तिच्या पायाशी दाणे टिपत होता. कुंडूच्या आणि मसिंदेच्या अंगणांमध्ये शेराचं कुंपण होतं. दाट, माणसाच्या डोक्याएवढं उंच. दोन वर्षं झाली, या घरातलं कुणी त्या घरी जात नव्हतं आणि त्या घरातलं या घरी येत नव्हतं. निदान सगळे तसं समजत होते.

नबविलेनं पिल्लू अलगद टोपलीत ठेवलं. तिचा आवाज चढला नाही, पण चेहरा कडक झाला.

"सितावानं सोडला असणार."

सितावा ही कुंडूची बायको. एडिना पटकन म्हणाली की धाकटी आई असं करणार नाही. या भागात चुलतीला धाकटी आईच म्हणतात, पण गेली दोन वर्षं हा शब्द या अंगणात कुणी उच्चारला नव्हता, आणि एडिनाच्या तोंडून तो इतका सहज निघाला की आईनं वळून तिच्याकडे पाहिलं.

"तुला काय माहीत ती काय करील?"

झऱ्यावर पाणी भरताना सितावा एडिनाला भेटायची, हंडा डोक्यावर चढवू लागायची, लग्नाचं विचारायची. मागच्याच आठवड्यात तिनं हळूच एडिनाच्या हातात मण्यांची एक माळ ठेवली होती आणि आईला दाखवू नकोस म्हणाली होती. हे सगळं आता सांगावं तर आई आणखी एकटी पडेल, आणि न सांगावं तर धाकट्या आईवर आळ राहील. एडिनानं सेंगेकडे पाहिलं. सेंगेनं चष्मा पुसायला घेतला होता.

नबविले बोलतच होती. ती म्हणाली, माझ्या कोंबड्यांचं कौतुक तिला कधी बघवलं नाही. आज पाहुण्यांसमोर माझी मान खाली जावी म्हणून हे केलंय. मी आत्ता कुंपणाशी जाते आणि सगळ्या वाडीला ऐकू जाईल असं तिला विचारते.

आणि ती खरोखरच निघाली.

*

मसिंदे झाडाखाली एका खुर्चीचा डुगडुगणारा पाय ठोकून बसवत होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. लाल कोंबड्याचं नाव निघालं तेव्हाच त्याचा हात थांबला होता. तेव्हा त्याला वाटलं, बायका चार शब्द बोलतील, पाहुणे येतील, विषय मागे पडेल. पण नबविलेनं पदर खोचल्यासारखं कमरेचं कापड घट्ट बांधलं आणि ती केळींच्या बाजूनं चालू लागली, तेव्हा त्याला उठावंच लागलं.

बापाच्या दफनाच्या दिवशी त्यानं धाकट्या भावाला सगळ्या गोतासमोर अडवलं होतं. कुंडू तेव्हा दूर साखर कारखान्यात कामाला होता, बाप अंथरुणाला खिळलेला असताना एकदाही आला नव्हता. तो मूठभर माती घेऊन खड्ड्याशी आला तेव्हा मसिंदेनं त्याचं मनगट धरलं. आजारपणात जो दिसला नाही त्याची माती इथं नको, असं म्हणाला. माती कुंडूच्या हातातच राहिली. पुढे कारखान्यातलं काम सोडून तो घरी आला, तेव्हा त्यानं पहिलं काम केलं ते शेराच्या फांद्या रोवायचं.

मागच्या मोठ्या पावसात कुंडू मोटारसायकलवरून घसरून पडला आणि त्याचं कमरेचं हाड मोडलं. ही बातमी या घरात आली तेव्हा मसिंदे काहीच बोलला नव्हता. नबविलेनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं होतं आणि तीही गप्प बसली होती. मग एका पहाटे तो केळी तोडायला मागे गेला असताना कुंपणापलीकडून कण्हणं ऐकू आलं. सितावा एकटी नवऱ्याला उठवून बाहेर आणायच्या खटपटीत होती आणि तिला ते झेपत नव्हतं. मसिंदेनं कोयत्यानं कुंपणाच्या बुंध्याशी दोन-चार फांद्या तोडल्या आणि पलीकडे गेला. भावाच्या काखेत हात घालून त्याला उचललं आणि उन्हात आणून बसवलं. दोघांपैकी कुणी एक शब्द बोललं नाही. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा गेला. तिसऱ्या दिवशी कुंडू म्हणाला, डाव्या बाजूनं धर, उजवीकडे दुखतं. तेव्हापासून बोलणं सुरू झालं.

"थांब," मसिंदे म्हणाला. "सितावाला काही विचारू नकोस. कुंपण मी तोडलंय."

नबविले थांबली.

तो सांगत गेला तसतशी ती शांत होत गेली, आणि तिचं ते शांत होणं खकासाला आवडलं नाही. मसिंदे म्हणाला की तो रोज पहाटे जातो, ती गाय पिळायला बसते तेव्हा. भावाला उठवतो, अंघोळ घालतो, त्याच्या गाईला नेपियर गवत कापून टाकतो. परत येताना भोक मक्याच्या ताटांनी झाकतो, पण पलीकडे असतो तोवर ते उघडंच राहतं. कोंबड्या तेव्हाच मोकळ्या सुटलेल्या असतात, आणि केळींखाली किडे भरपूर असतात.

"रोज?" नबविलेनं विचारलं.

"रोज."

"आणि सितावा तेव्हा कुठं असते?"

"तिथंच असते. चहा ठेवते माझ्यासाठी."

नबविलेनं मान हलवली.

"तुमच्यासाठी मी तिच्याशी बोलणं टाकलं," ती म्हणाली. "लग्न होऊन या घरात आले तेव्हा मला इथलं कुणी माहीत नव्हतं. मग ती आली. आम्ही दोघी एका चुलीवर शिकलो. एडिना झाली तेव्हा माझ्याजवळ तीच होती. तिची आई वारली आणि मी गेले नाही. कपडे घालून दारापर्यंत आले होते, तुम्ही समोर बसला होता, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून परत आत गेले. कुंडू पडला तेव्हा मी पेज करून ठेवली होती. ती कुत्र्याला घातली. आणि तुम्ही तिथं बसून चहा पिता."

मसिंदे म्हणाला की त्यानं तिला कधी जाऊ नको म्हटलं नव्हतं.

"जा असंही म्हटलं नाही."

त्याला म्हणायचं होतं की दफनाच्या वेळचा तो शब्द दहा लोकांत बोलला गेला होता, पहाटे गुपचूप गवत कापून तो मागे घेता येत नाही, आणि दहा लोकांत कसा मागे घ्यावा हे अजून कळलेलं नाही. तोवर बायकोला काय सांगायचं, म्हणून काहीच सांगितलं नाही. पण हे शब्द जुळेपर्यंत फाटकाशी गाणं ऐकू आलं. मुतोन्यीबाई आपल्या दोन जावांना घेऊन, रीतीप्रमाणे गात गात, डोक्यावर केळीचा घड आणि साखरेच्या पिशव्या घेऊन येत होत्या.

नबविलेनं तोंडावरून हात फिरवला आणि हसत सामोरी गेली.

*

चहा झाला. शेंगदाणे झाले, उकडलेली रताळी झाली, रस्त्याची, पावसाची, दोन्हीकडच्या तब्येतींची चौकशी झाली. मुतोन्यीबाई अंगानं थोराड आणि बोलायला मोकळ्या होत्या. एडिनाला त्यांची थोडी भीती वाटायची आणि त्या आवडायच्याही. त्यांनी खुर्चीतून वाकून टोपल्यांकडे पाहिलं आणि विचारलं, हीच का माझी पिल्लं?

एडिना आईकडे बघत होती. या वयात पिल्लं सगळी काळीच दिसतात. आईनं डावी टोपली तशीच उचलून दिली असती तर पिसं फुटेपर्यंत कुणाला काही कळलं नसतं, आणि तोवर लग्नही होऊन गेलं असतं. सेंगेसुद्धा चष्म्याच्या वरून नबविलेकडेच बघत होती.

"तुम्हाला पट्टेरी तलंगा देईन म्हणाले होते," नबविले म्हणाली. "ते आता जमणार नाही. या माद्या आहेत, पण मोठ्या झाल्या की काळ्या होतील. बाप दुसरा निघाला."

मुतोन्यीबाईंचा चेहरा जरा पडला. त्यांनी तो लपवला नाही. चर्चमधल्या बायकांना मी आधीच सांगून बसलेय, त्या म्हणाल्या. मग त्यांनी एक काळं पिल्लू उचललं, त्याचे केसाळ पाय बघितले, आपल्या जावांना दाखवले. खकासानं लगेच मधे तोंड घातलं. ती म्हणाली, ठिपक्याचा एखादा पोरगा मोठा होऊ दे, तो याच पट्टेरी कोंबड्यांत सोडू, मग काही मुली पट्टेरी निघतील, त्या मी स्वतः निवडून तुमच्या घरी पोचवीन. तोवर या काळ्या घेऊन जा. मुतोन्यीबाईंनी विचार केला.

"पण हा दुसरा बाप कोण? मला बघू दे. बाप बघितल्याशिवाय मी कुठली मुलगी घरात घेत नाही."

जावा हसल्या. एडिनाही हसली, मग तिच्या लक्षात आलं की आई-वडील दोघेही हसत नाहीयेत.

"पलीकडे आहे," नबविले म्हणाली.

"पलीकडे म्हणजे लांब?"

"नाही," नबविले म्हणाली. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. "यांना वाट माहीत आहे."

मसिंदे उठला. केळींच्या मागे जाऊन त्यानं मक्याची ताटं बाजूला केली. कुंपणाला एक माणूस वाकून जाईल एवढं भोक होतं, आणि त्याच्या तळाशी जमीन पावलांनी कडक, गुळगुळीत झाली होती. नबविलेची नजर त्या जमिनीवर खिळून राहिली. मसिंदेनं फांद्या हातानं उचलून धरल्या आणि पाहुण्यांना सांगितलं की डोळे सांभाळा, शेराचा चीक वाईट. मुतोन्यीबाई डोक्याचा रुमाल धरून आधी गेल्या, मग जावा, मग खकासा. नबविले शेवटी वाकली. त्यानं तिच्यासाठी फांदी आणखी वर उचलली. तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही, पण फांदी आपल्या हातानं दूर केली नाही, एवढं त्यानं पाहिलं.

पलीकडे कुंडू भिंतीशी खुर्चीत बसला होता, काठी मांडीवर आडवी. एवढ्या बायका कुंपणातून एकामागून एक निघताना बघून तो उठायला धडपडला. सितावा मागे भांडी घासत होती. ती राखेच्या हातांनीच उभी राहिली आणि नबविलेला बघून तिथंच थांबली.

मसिंदे भावाजवळ गेला. सवयीनं त्याच्या डाव्या काखेत हात घातला आणि त्याला उभं केलं. मग पाहुण्यांकडे वळला. त्याचा आवाज नेहमीपेक्षा मोठा होता.

"हाही एडिनाचा बापच. मी थोरला आहे, हा धाकटा. आमचा बाप गेल्यावर या घरात बोलायचा हक्क दोघांना सारखा आहे. लग्नाची बोलणी याच्यासमोर होतील, आणि हा नाही म्हणाला तर होणार नाहीत."

पाहुण्यांना यात विशेष काही वाटलं नाही, रीतीचं बोलणं म्हणून त्यांनी माना हलवल्या. खकासानं तेवढ्यात चष्मा काढला. दफनाच्या वेळी ती त्या खड्ड्याशी उभी होती.

कुंडूनं काठी जमिनीला टेकली. मग त्यानं पाहुण्यांना नमस्कार केला आणि आजारपणामुळे सामोरा येऊ शकलो नाही म्हणून माफी मागितली.

"बोलणी उभ्यानं होत नाहीत," तो म्हणाला. "खुर्च्या इकडेच आणा. मला तिकडं चालत येता येणार नाही, आणि दादा मला उचलून नेईल तर पाहुण्यांना वाटेल या घरात बाळाचं बारसं आहे."

मुतोन्यीबाई खळखळून हसल्या. मग लाल कोंबडा बघायचा कार्यक्रम झाला. तो कणगीवर चढून बसला होता आणि खाली यायला तयार नव्हता, तेव्हा खकासानं दाणे टाकून त्याला खाली आणलं. मुतोन्यीबाईंनी त्याच्याभोवती एक फेरी मारली. पायांवरची पिसं बघितली, छाती बघितली, आपल्या जावांशी काहीतरी बोलल्या. शेवटी म्हणाल्या, पट्टे नाहीत तर नाहीत. याच्या मुली अंड्यांवर नीट बसतील, यांना पाय गरम ठेवायला पिसंच आहेत. खकासाला हे शास्त्र पटलं नाही, पण आयुष्यात पहिल्यांदा तिनं पिल्लांच्या बाबतीत कुणाला तरी दुरुस्त केलं नाही.

एडिना खुर्च्या, पातेली, मक्याच्या पिठाची घट्ट उगाली असं सगळं कुंपणातून इकडून तिकडे वाहू लागली. दुसऱ्या खेपेला मसिंदेनं कोयता घेतला आणि भोक दोन माणसं शेजारी शेजारी जातील एवढं मोठं करून टाकलं.

*

जेवणाआधी नबविले सितावाच्या स्वयंपाकघरात गेली. पातेलं ठेवायला जागा हवी, असं तिनं बाहेर सांगितलं होतं. आतली चूल होती तिथंच होती. मिठाचं मडकं मात्र उजवीकडे गेलं होतं. सितावा पाठमोरी होती. ती हात धूत होती, आणि हात स्वच्छ झाल्यावरही धूतच राहिली.

"तू मला निरोप का नाही दिलास?" नबविलेनं विचारलं. "एडिना तुला भेटते, हे मला आज तिच्या तोंडावरून कळलं. तिच्याबरोबर एक शब्द पाठवायचा होतास."

सितावा म्हणाली की तिनं मसिंदेला दोनदा म्हटलं होतं, नबविलेला सांगा. तो म्हणाला, थांब, मी सांगतो. मग तिला वाटलं, सांगितलं असेल, आणि तरी नबविले येत नाहीय. तेव्हा पुन्हा विचारायची भीती वाटली.

"रोज पहाटे फांद्या हलायच्या," सितावा म्हणाली. "रोज आधी ते येताना दिसायचे. मग मी त्यांच्या मागे बघायचे."

नबविले पातेलं हातात धरून उभी होती. ते गरम होतं. सितावानं ते तिच्या हातातून घेतलं आणि चुलीशेजारी ठेवलं. बाहेर खकासा मोठ्या आवाजात पाहुण्यांना हॅचरीतल्या गमती सांगत होती. मधेच कुंडू आणि मसिंदे दोघेही एकाच वेळी हसले. दोघांचं हसणं इतकं सारखं होतं की कुठलं कुणाचं ते ओळखू येईना.

नबविले खालच्या लाकडी पाटावर बसली.

"तुझी आई गेली तेव्हा मी आले नाही," ती म्हणाली.

"हो."

"शेवटी फार त्रास झाला त्यांना?"

सितावानं भिंतीशी उभा केलेला दुसरा पाट घेतला, नबविलेच्या शेजारी मांडला आणि बसली.

"थंडीत पाय सुजायला लागले, तिथून सुरुवात झाली," ती म्हणाली. "आम्हाला वाटलं थकवा असेल. मी गेले तेव्हा ती भाजी निवडत होती. मला म्हणाली, एकटीच आलीस? नबविले कुठाय?"

बाहेरून एडिनानं हाक मारली की पाहुणे हात धुऊन बसलेत, उगाली गार होतेय. दोघींपैकी कुणी उठलं नाही. सितावा सांगत होती, आणि नबविले तिच्याकडे वळून ऐकत होती.